मॅनिकिनचा घसा आणि रुग्णाचा घसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय महाविद्यालयांतील कौशल्य प्रयोगशाळांच्या उद्घाटनाच्या बातम्या गेल्या काही वर्षांत सर्वच वृत्तपत्रांत वरचेवर वाचायला मिळतात. सोबत बहुधा एक छायाचित्र असते: टेबलावर प्लास्टिकचे धड, त्याच्या उघड्या तोंडात लॅरिंगोस्कोप (घशात पाहण्याचे, दिवा आणि ब्लेड असलेले उपकरण) धरलेला विद्यार्थी आणि भोवती पाहुण्यांचे कोंडाळे. पुतळा हुबेहूब माणसासारखा असल्याचे मजकुरात आवर्जून सांगितलेले असते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या भूलशास्त्र विभागात माझी बरीच वर्षे शिकवण्यात गेली, आणि असे मॅनिकिन, आमच्या रेसिडेंट डॉक्टरांच्या तोंडी ‘डमी’, माझ्या रोजच्या वापरातले होते. ते उपयोगाचे आहेत याविषयी मला शंका नाही. परंतु श्वासमार्ग सांभाळण्याच्या कामात ते माणसाच्या किती जवळ जातात, याविषयी खरेदी करणाऱ्यांचा, विद्यार्थ्यांचा आणि बातमी वाचणाऱ्यांचाही गैरसमज होतो. त्या समजावर पुढे अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रे उभी राहतात, आणि त्या प्रमाणपत्राच्या बळावर कोणी तरी अपरात्री एखाद्या बेशुद्ध माणसाच्या घशात नळी घालायला पुढे होतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

बेशुद्ध माणसाची जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडून मागे येतात व श्वासाची वाट बुजते. ती मोकळी ठेवणे, चेहऱ्यावर मास्क घट्ट धरून अंबू बॅगने (हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने) श्वास देणे, गरज पडल्यास एलएमएसारखे (स्वरयंत्राच्या तोंडावर बसणाऱ्या छोट्या मास्कसारखे) साधन घशात बसवणे किंवा श्वासनलिकेत ट्यूब टाकणे, आणि यातले काहीच साधले नाही तर मानेच्या पुढच्या बाजूने थेट श्वासनलिकेत वाट करणे, एवढे सगळे ‘एअरवे’, म्हणजे श्वासमार्ग, सांभाळण्याच्या कामात मोडते. मेंदू ऑक्सिजनशिवाय काही मिनिटेच तग धरतो. आधी भरपूर ऑक्सिजन दिलेल्या निरोगी तरुणाच्या बाबतीत डॉक्टरच्या हाताशी थोडा अवधी असतो. गरोदर स्त्री, स्थूल व्यक्ती, तान्हे मूल किंवा न्यूमोनियाने आधीच धाप लागलेला रुग्ण यांची ऑक्सिजनची पातळी मात्र पाहता पाहता खाली येते. साध्या मॅनिकिनपुढे विद्यार्थ्याने पाच मिनिटे लावली तरी काही बिघडत नाही.

या पुतळ्यांचा उगम एका मर्यादित कामासाठी झाला. १९५०च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पीटर सफार या भूलतज्ज्ञाने स्वयंसेवकांना स्नायू शिथिल करणारे औषध देऊन, त्यांचा स्वतःचा श्वास थांबवून प्रयोग केले. मान मागे झुकवली आणि जबडा पुढे ओढला की वाट मोकळी होते, आणि तोंडाने फुंकलेली हवा माणसाला जगवायला पुरते, हे त्यांतून सिद्ध झाले. आज कोणतीही नैतिकता समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही. हे तंत्र सर्वसामान्यांना शिकवायचे तर सरावासाठी शरीर हवे होते. ते नॉर्वेतील स्टाव्हँगर येथे खेळणी तयार करणाऱ्या आसमुंड लेर्डाल यांनी १९६० साली ‘रेससी ॲन’च्या रूपाने पुरवले. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत मरण पावल्याचे सांगितल्या जाणाऱ्या एका अनाम तरुणीच्या मुखवट्यावरून घेतला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्या कथेपुढे पुतळ्याच्या रचनेतली खरी हुशारी मागे पडते. मान व्यवस्थित मागे झुकवल्याशिवाय त्या पुतळ्याच्या छातीत हवा जात नसे. शिकणाऱ्याने ही एक गोष्ट शिकावी एवढीच अपेक्षा होती आणि तेवढ्या एका गोष्टीपुरता तो पुतळा माणसासारखा वागत होता. त्वचा, वजन, जीभ यांत तो कसाही असता तरी चालले असते.

अडचण त्यानंतरची आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात ‘सिम वन’ नावाचा संगणकावर चालणारा पुतळा भूलशास्त्राच्या रेसिडेंटांना ट्यूब टाकायला शिकवण्यासाठी तयार झाला. त्याची छाती हलत असे, पापण्या मिटत. आजचे महागडे सिम्युलेटर त्याच घराण्यातले. त्यांची नाडी हाताला लागते, मॉनिटरवर आकडे उमटतात, काही तर कण्हतात आणि बोलतात. हे सारे तंत्रज्ञान ज्या घशाभोवती रचलेले असते तो घसा मात्र पुष्कळदा साध्या सरावाच्या डोक्यापेक्षा (फक्त डोके आणि मान असलेल्या पुतळ्यापेक्षा) फारसा वेगळा नसतो.

मॅनिकिनचे तोंड बिजागरीवर उघडते आणि दर वेळी तेवढेच उघडते. ब्लेड घालण्याआधी आत सिलिकॉनचा फवारा मारावा लागतो, नाहीतर ट्यूब रबराला चिकटून पुढे सरकत नाही. जीभ ताठर, एकसंध. ब्लेडने डावीकडे सारली की अख्खी सरकते आणि तिथेच राहते. लॅरिंगोस्कोप उचलताना कितीदा तरी सगळे डोकेच टेबलावरून वर येते, कारण त्याला माणसाच्या डोक्याचे वजन नसते. वरच्या दातांवर भार पडला की काही डोक्यांतून ‘टक्’ असा आवाज येतो. ही सोय मला मनापासून आवडते. दातांचा टेकू घेण्याची नवशिक्याची सवय त्या आवाजाने जितकी लवकर सुटते तितकी ती शिक्षकाच्या ओरडण्याने सुटत नाही. पुढे एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरची झडप, तिच्याखाली स्थिर उघडे असलेले पांढरे स्वरतंतू, त्यांवर दिव्याचा उजेड पडतो आणि ट्यूब आत जाते. दुसऱ्या दिवशी तेच डोके, तोच घसा. थोड्याच दिवसांत विद्यार्थ्याला ट्यूब टाकणे जमल्यासारखे वाटू लागते, वास्तविक त्याला ते एक डोके पाठ झालेले असते.

रुग्णाच्या तोंडात हेच ब्लेड घातल्यावर जीभ भिजवलेल्या कणकेसारखी दोन्ही बाजूंनी ब्लेडवर लोटते आणि दिसू लागलेली वाट पुन्हा झाकते. लाळ साचलेली असते. टाळू, पडजीभ, घशाची मागची भिंत सगळे ओले आणि जवळपास एकाच गुलाबी रंगाचे, त्यामुळे कुठे काय संपते आणि काय सुरू होते हे नवख्याला उमगत नाही. एपिग्लॉटिस कोणाची आखूड, कोणाची लांब व लोंबती. स्वरतंतू हलतात, मिटतात. औषधाचा अंमल पुरता चढला नसेल तर रुग्ण खोकतो, दात आवळतो. स्वरयंत्र किती दिसते याच्या चार श्रेणी कॉर्मॅक आणि लिहान यांनी १९८४ साली मांडल्या, त्यांतल्या चौथ्या श्रेणीत एपिग्लॉटिसही नजरेस पडत नाही. सरावाची बहुतेक डोकी जन्मतः पहिल्या, म्हणजे सगळे स्वच्छ दिसणाऱ्या, श्रेणीची असतात. काहींत हवा भरून जीभ फुगवण्याची, मान ताठ करण्याची, जबडा अडकवण्याची सोय असते आणि ती नसण्यापेक्षा असलेली बरी. पण खरी सुजलेली जीभ ब्लेडखाली थोडी दबते, रक्ताळते आणि प्रत्येक प्रयत्नागणिक आणखी सुजते, ते रबरी फुग्यात येत नाही.

याला मोजमापाचाही आधार आहे. व्हिएन्ना येथील भूलतज्ज्ञांनी उच्च दर्जाचे म्हणून विकले जाणारे सिम्युलेटर आणि सरावाची डोकी सीटी स्कॅनखाली घालून त्यांच्या घशाची मापे खऱ्या रुग्णांच्या स्कॅनशी ताडून पाहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की हे पुतळे माणसाच्या वरच्या श्वासमार्गाची रचना यथातथ्य दाखवत नाहीत, आणि सर्वांत ठळक फरक घशाच्या पोकळीत आहे. एअरवेचे सारे संकट ज्या पोकळीत घडते नेमकी तीच चुकलेली, ही बाब क्षुल्लक नव्हे. एलएमएच्या बाबतीत याचा प्रत्यय लगेच येतो: तेच साधन एका कंपनीच्या डोक्यात चपखल बसते आणि दुसऱ्या कंपनीच्या डोक्यात त्याच्या कडेने हवा गळते. आर्ची ब्रेन यांनी १९८१च्या सुमारास लंडनमध्ये एलएमए घडवताना मृतदेहांच्या घशाचे प्लास्टरचे साचे घेतले होते. माणसाच्या घशावरून बेतलेले साधन रबरी घशात बसत नसेल, तर दोष कोणाकडे आहे हे विद्यार्थ्याला सांगावे लागते. नाहीतर तो त्या साधनावर विश्वास ठेवायचे सोडतो.

ट्यूबच्या आकर्षणात मास्क दुर्लक्षित राहतो, आणि पुष्कळ जीव वाचतात ते मास्क नीट धरता आल्यामुळे. मॅनिकिनचे गाल घट्ट व गुळगुळीत असल्याने मास्क एका हाताने कसाही दाबला तरी बऱ्यापैकी बसतो. आमच्या वॉर्डात येणारे आजोबा दात काढून ठेवून येतात, त्यांचे गाल आत गेलेले असतात आणि मास्कच्या दोन्ही बाजूंनी हवा सुसाट निघून जाते. दाढीवाल्या रुग्णाची तीच गत. जबडा बोटांनी पुढे ओढून धरताना लागणारा जोर, काही मिनिटांत भरून येणारा हात, आणि ‘दोघांनी मिळून धरू’ असे सांगण्याची वेळ ओळखणे, हे ऑपरेशन थिएटरात भूलतज्ज्ञाच्या शेजारी उभे राहूनच शिकता येते.

आपल्याकडच्या तोंडांचा एक वेगळाच प्रश्न आहे, ज्याचा विचार परदेशात घडवलेल्या पुतळ्यांत झालेला नसतो. सुपारी आणि गुटखा वर्षानुवर्षे चघळल्याने तोंडाच्या आतले अस्तर ताठरते, आणि पुढे पुढे दोन बोटेही आत जाणार नाहीत इतके तोंड आवळते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही असे तोंड घेऊन येणारे तरुण आम्हांला नवे नाहीत. तोंड उघडायला लावून घशात काय दिसते ते पाहण्याची सोपी चाचणी १९८५ साली शेषगिरी मल्लंपाटी या बोस्टनमध्ये काम करणाऱ्या भारतीय वंशाच्या भूलतज्ज्ञाने दिली आणि ती जगभर रूढ झाली, पण अशा रुग्णात ती चाचणी करण्याइतकेही तोंड उघडत नाही. त्याला पूर्ण भूल देण्याआधी, जागेपणीच, नाकातून फायबरऑप्टिक स्कोप (लवचीक दुर्बीण) घालून ट्यूब बसवण्याची तयारी ठेवावी लागते. या परिस्थितीचा सराव देण्यासाठी लाखोंचा पुतळा लागत नाही. जुन्या डोक्याच्या जबड्याला जाड इलॅस्टिक पट्टा आवळून बांधला की तोंड बोटभरच उघडते, आणि ‘या रुग्णाला झोपवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देऊ का?’ या प्रश्नाचे उत्तर काय असायला हवे ते विद्यार्थ्याला तिथेच सुचते.

रक्त आणि उलटी हाही असाच राहून जाणारा भाग. अपघातातला रुग्ण उपाशीपोटी येत नाही. घसा भरलेला असतो आणि सक्शन (द्रव शोषून घेणारी नळी) चालू ठेवूनच पुढे जावे लागते. अमेरिकेतील जेम्स डुकँटो या भूलतज्ज्ञाने मॅनिकिनच्या अन्ननलिकेतून पंपाने कृत्रिम उलटी वर चढवण्याची युक्ती काढली आणि उलटीच्या लोंढ्यात सक्शनचे टोक पुढे ठेवून ट्यूब कशी टाकावी, याचा पद्धतशीर सराव सुरू केला. इथे पुतळ्याचे दिसणे अगदी सामान्य, पण काम अस्सल. आपल्याकडे हेच काम खाण्याचा रंग घातलेली तांदळाची पातळ पेज आणि एक पायाने दाबायचा पंप यांवर भागू शकते. डोके नंतर धुवावे लागते, एवढाच त्रास. दुर्दैवाने ‘महागडी वस्तू खराब होईल’ या भीतीने असे प्रयोग करू दिले जात नाहीत, आणि पुतळा कोराकरकरीत राहतो.

असे सगळे असूनही मॅनिकिन हवाच, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण नैतिक आहे. लॅरिंगोस्कोप आयुष्यात पहिल्यांदा हातात घेणाऱ्याचा पहिला प्रयत्न कोणत्याही रुग्णाच्या दातांवर होऊ नये. आजवर तो प्रामुख्याने सरकारी रुग्णालयातल्या, प्रश्न न विचारणाऱ्या गरीब रुग्णांवर होत आला, ही वस्तुस्थिती आमच्या व्यवसायाने मोकळेपणाने मान्य केलेली नाही. डावा हात, उजवा हात, ब्लेडची दिशा, ट्यूबच्या कफमध्ये (टोकाजवळच्या फुग्यात) हवा भरणे, ट्यूब बांधणे, एवढे प्लास्टिकवर बसवूनच विद्यार्थ्याने थिएटरात यावे.

दुसरे कारण सांघिक सरावाचे. २००५ साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली या तरुण आईला सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग सांभाळता येईना. अनुभवी डॉक्टर ट्यूब टाकण्याचे प्रयत्न करीतच राहिले. गळ्यातून वाट करण्याचे साहित्य परिचारिकेने आणून ठेवले होते, तरी तो निर्णय झाला नाही. तिचे पती मार्टिन विमानचालक होते, आणि विमानचालकांना संकटातील सांघिक वागणुकीचे जसे प्रशिक्षण मिळते तसे डॉक्टरांना मिळावे, यासाठी त्यांनी पुढे मोठे काम उभारले. त्या खोलीत कोणाच्याही हाताचे कसब कमी पडले नव्हते. वेळेचे भान, थांबण्याचा निर्णय आणि कनिष्ठाचे म्हणणे वरिष्ठाच्या कानापर्यंत पोहोचणे, हे कमी पडले. या गोष्टींच्या सरावासाठी पुतळ्याचा घसा कसा आहे याने काडीचाही फरक पडत नाही. खोलीतली माणसे खरी आणि मॉनिटरवर उतरणारा आकडा विश्वसनीय असला की पुरे. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ साली दिलेल्या सूचनांत ट्यूबच्या प्रयत्नांना मर्यादा घालण्यावर आणि प्रयत्न चालू असताना नाकावाटे ऑक्सिजन सुरूच ठेवण्यावर भर आहे. हा क्रम अंगवळणी पडायला मॅनिकिन उत्तम.

कॅप्नोग्राफचेही तसेच. ट्यूब श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत, हे बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या, या यंत्राने काढलेल्या आलेखावरून सर्वांत खात्रीने कळते. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटीने वर्षभर देशातील गंभीर एअरवे दुर्घटनांची नोंद केली, त्याचा अहवाल २०११ साली आला. अतिदक्षता विभागातील मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत कॅप्नोग्राफचा वापर न होणे हे एक कारण असल्याचे त्यात नमूद आहे. साध्या डोक्यात ट्यूब अन्ननलिकेत गेली तर पोटाचा फुगा फुगतो आणि सगळे हसतात. आलेख सपाट आला, आता ट्यूब काढायची, हा निर्णय मात्र बहुतेक ठिकाणी कोणी शिकवत नाही, कारण आलेख दाखवणारी सोय त्या डोक्यासोबत घेतलेलीच नसते.

पुतळ्याच्या बाजूने असलेला पुरावाही सांगितला पाहिजे. कॅनडातील एका अभ्यासात, जो २००५ साली प्रसिद्ध झाला, पॅरामेडिकच्या विद्यार्थ्यांचा एक गट सिम्युलेटरवर दहा तास शिकला आणि दुसऱ्या गटाने थिएटरात रुग्णांवर पंधरा वेळा ट्यूब टाकली. नंतर दोघांचीही परीक्षा रुग्णांवर घेतली तेव्हा त्यांच्या यशात लक्षणीय फरक आढळला नाही, दोन्ही गट ८५ टक्क्यांच्या आसपास होते. सिम्युलेटरचे विक्रेते हा अभ्यास हमखास पुढे करतात. मी तो थोडा वेगळ्या नजरेने वाचतो. त्यांच्या सिम्युलेटरपाशी दहा तास शिक्षक होता, ही पहिली गोष्ट. आणि थिएटरातल्या शांत, उजेडाच्या, उपाशीपोटी आलेल्या रुग्णावर ८५ टक्के यश म्हणजे सुमारे सातांतला एक प्रयत्न फसतो, ही दुसरी. स्वित्झर्लंडमधील १९९८च्या अभ्यासात भूलशास्त्राच्या रेसिडेंटांना ९० टक्के यशापर्यंत पोहोचायला सरासरी ५७ ट्यूब टाकाव्या लागल्या. कॅनडातील २००३च्या अभ्यासाने तोच आकडा ४७ दिला. आपल्याकडे एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपमध्ये भूलशास्त्राच्या वाट्याला अवघे दोन आठवडे येतात, आणि त्यांतले किती दिवस इंटर्न प्रत्यक्ष थिएटरात असतो ते प्रत्येक विभागप्रमुखाला ठाऊक आहे.

मानेच्या पुढून वाट करण्याचा प्रसंग क्वचित येतो, त्यामुळे तो रुग्णांवर शिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मघाच्या ब्रिटिश अहवालात अशा वेळी वापरलेल्या बारीक सुया सुमारे ६० टक्के वेळा अपयशी ठरल्याचे दिसले, आणि २०१५च्या तिथल्या सूचनांनी ब्लेडने छेद घेऊन बुजीवरून (वाट दाखवणाऱ्या लवचीक कांडीवरून) ट्यूब सरकवण्याची पद्धत पुढे आणली. यासाठी कंपन्या मानेची बदलता येणारी कातडी विकतात, आणि ती संपली की सराव थांबतो. आमच्याकडच्या कार्यशाळांत खाटकाकडून आणलेली बोकडाची श्वासनलिका ताटलीत खिळवून, वर रेक्झिनचा किंवा कोंबडीच्या कातडीचा तुकडा ताणून बसवतात. बोटाने चाचपल्यावर दोन कूर्चांमधली खाच खरोखर लागते, पात्याखाली पडदा फुटतो तेव्हा हाताला नेमके कळते, आणि बुजी आत सरकताना कड्यांवरून खरखरत जाते. तिला चेहरा नाही, डोळे नाहीत, ती बोलत नाही. तरी या एका कामासाठी कोणत्याही आयात मानेपेक्षा मी तिला वरचे स्थान देईन. मृतदेहांचा पर्याय आहे, पण फॉर्मॅलिनमध्ये जतन केलेल्या देहाचा जबडा उघडत नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर थील यांनी विकसित केलेल्या पद्धतीने देह मऊ राहतो आणि एअरवेच्या सरावाला तो चांगला चालतो. देहदानाची परंपरा असलेल्या आपल्या राज्यात निदान एखाद्या शरीररचनाशास्त्र विभागाने त्याचा विचार करायला हरकत नसावी.

मॅनिकिनवरच्या प्रयोगांवरून साधनांविषयी निष्कर्ष काढण्याची घाई कुठे नेते, ते कोविडच्या पहिल्या वर्षी दिसले. ट्यूब टाकताना डॉक्टरला संसर्ग होऊ नये म्हणून रुग्णाच्या डोक्यावर ठेवायची, हातांसाठी दोन भोके असलेली पारदर्शक पेटी तैवानमधून जगभर पोहोचली. बोस्टनच्या डॉक्टरांनी मॅनिकिनच्या तोंडात रंग भरलेला फुगा फोडून पेटी असताना रंग बाहेर उडत नाही असे दाखवले, आणि देणगीदारांनी गावोगावच्या रुग्णालयांना ॲक्रिलिकच्या पेट्या भेट दिल्या. पण मोठे थेंब अडणे वेगळे आणि हवेत तरंगणारे कण अडणे वेगळे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, तोही सिम्युलेटरवरच, बारा अनुभवी भूलतज्ज्ञांना पेटीमुळे ट्यूब टाकायला जास्त वेळ लागला आणि त्यांचे संरक्षक कपडेही फाटले. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पेट्यांची तातडीची परवानगी मागे घेतली. दुसऱ्या प्रयोगाचा प्रश्न पुतळ्याच्या आवाक्यातला होता: पेटीत हात नीट फिरतात का, वेळ वाढतो का. पहिल्याचा नव्हता. नवे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि एलएमएचे नवे नमुने विकायला येणाऱ्या प्रतिनिधींच्या माहितीपत्रकांत आजही पुतळ्यावरील सेकंदांचे तक्ते असतात. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०११ सालीच असे म्हटले की साधन विकत घेण्याआधी माणसांवर झालेल्या, निदान किमान दर्जाच्या तुलनात्मक अभ्यासाचा पुरावा मागावा. आपल्या खरेदी समित्यांनी हा नियम जशाचा तसा उचलावा.

आता खरेदीविषयी थोडे. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधारित अभ्यासक्रमामुळे प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची झाली, हे पाऊल योग्यच होते. परंतु निविदेत ‘वास्तवदर्शी श्वासमार्ग’ एवढेच लिहून भागत नाही. तोंड किती उघडते, जीभ फुगते का, दातांवरचा भार कळतो का, कॅप्नोग्राफचा आलेख येतो का, आत पातळ पदार्थ ओतता येतो का, रबरी फुप्फुसे आणि मानेची कातडी पुढील पाच वर्षे कोण आणि कोणत्या दराने पुरवणार, असे प्रश्न त्यात असावेत, आणि ते लिहिताना भूलशास्त्र विभागातला रोज थिएटरात उभा राहणारा माणूस समितीत असावा. एका बोलक्या सिम्युलेटरच्या किमतीत साधी डोकी कित्येक येतात; वेगवेगळ्या कंपन्यांची घेतली तर विद्यार्थ्याचा एकच घसा पाठ होण्याचा धोकाही कमी होतो. मोठा पुतळा घ्यायचाच तर तो चालवणारा तंत्रज्ञ आणि शिकवणाऱ्या शिक्षकाचे तास आधी मंजूर करून घ्यावेत. तसे न झाल्यामुळे कुलूपबंद खोलीत प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून असलेले पुतळे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहेत.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत माझी सूचना त्याहून सोपी आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे, तालुक्यांच्या ठिकाणी अतिदक्षता विभाग वाढत आहेत, आणि अशा जागी नेमणूक होणाऱ्या डॉक्टरांकडे एक-दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र असते. त्या कागदावर एअरवेच्या प्रत्येक कौशल्यापुढे दोन रकाने असावेत: मॅनिकिनवर किती वेळा, आणि भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, रुग्णाला कल्पना देऊन व त्याची संमती घेऊन, रुग्णावर किती वेळा. दुसऱ्या रकान्यात शून्य असेल त्या डॉक्टरने अंबू बॅग आणि एलएमए यांवर रुग्णाला सांभाळून जाणत्या हातांपर्यंत पोहोचवावे आणि ट्यूबच्या वाटेला एकट्याने जाऊ नये, असा स्पष्ट आदेश त्याला मिळावा. आणि तो शून्य भरून काढण्यासाठी जिल्हा रुग्णालयांच्या थिएटरांत अशा डॉक्टरांना वर्षातून काही दिवस पाठवण्याची व्यवस्था आरोग्य विभागाने करावी. तिथे रोज सकाळी नियोजित शस्त्रक्रियांसाठी भूल दिली जातच असते, त्यामुळे या कामासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही आणि उद्घाटनही करावे लागणार नाही.

आपला,
भूलशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
सातारा